खिळ्यांच्या गर्दीतले नाणे

जुने नाणे सापडण्याची आशा जिथे सर्वांत जास्त, तिथेच लोखंडाचे भंगारही सर्वांत जास्त असते. मेटल डिटेक्टरने जुनी नाणी आणि वस्तू शोधण्याच्या छंदातली मुख्य अडचण हीच. नाणी पडतात ती माणसांच्या वावराच्या जागी: घराच्या अंगणात, खाणावळीच्या दारात, बाजाराच्या मैदानात, शाळेच्या आवारात. त्याच जागी खिळे, बिजागऱ्या, पत्र्याचे तुकडे, तुटकी कुलुपे, घोड्याचे नाल आणि तारांची भेंडोळीही मातीत जातात. शिवाय पैसा हरवला तर माणूस चार वेळा वाकून शोधतो. खिळा पडला तर कोणी ढुंकूनही पाहत नाही. साहजिकच जमिनीत नाणी थोडी आणि खिळे अगणित.

हा छंद सर्वांत जास्त रुजला तो अमेरिका आणि ब्रिटनमध्ये, आणि दोन्हीकडच्या कचऱ्याची जात निराळी आहे. अमेरिकेच्या ईशान्येकडे, न्यू इंग्लंडच्या जंगलांत, दगडांनी बांधलेले चौकोनी खड्डे आढळतात. ती १८व्या-१९व्या शतकांतल्या शेतघरांची तळघरे. शेतकरी पश्चिमेच्या सुपीक जमिनींकडे किंवा गिरण्यांच्या गावांकडे निघून गेले, शेतांवर पुन्हा रान माजले, लाकडी घरे कुजली किंवा जळाली. खिळे मात्र जिथल्या तिथे राहिले. एके काळी हेच खिळे इतके महाग होते, की घर सोडून जाणारा माणूस घर पेटवून देई आणि राखेतून खिळे वेचून नेई. व्हर्जिनिया वसाहतीत ही चाल एवढी बोकाळली, की १७व्या शतकाच्या मध्यात तिच्याविरुद्ध कायदा करावा लागला. घर न जाळता सोडणाऱ्याला त्यातल्या खिळ्यांइतके खिळे देण्याची त्यात तरतूद होती. पुढे खिळे यंत्रावर निघू लागले, स्वस्त झाले आणि त्यांची पर्वा कोणाला उरली नाही. १८व्या शतकाच्या अखेरीपर्यंत लोहाराने हाताने घडवलेला खिळा, १९व्या शतकात पट्टीतून कापलेला चपटा खिळा आणि त्या शतकाच्या शेवटी तारेपासून केलेला गोल खिळा, असा हा क्रम ढोबळमानाने लावता येतो. मूठभर गंजके खिळे हाती आले की घराचा काळ कळतो. त्या काळाची नाणी तिथे असू शकतात का, हे मग जमीन फारशी न उकरताही सांगता येते.

ब्रिटनमध्ये हा थर आणखी जुना. रोमन लोकांनी लोखंडी खिळे किती वापरले याची कल्पना स्कॉटलंडमधल्या इंचटुथिलच्या किल्ल्यावरून येते. इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या शेवटी किल्ला सोडून जाताना सैन्याने साडेसात लाखांहून अधिक खिळे एका खड्ड्यात पुरले. स्थानिक टोळ्यांना त्यांची हत्यारे करता येऊ नयेत, हा हेतू. विसाव्या शतकातल्या उत्खननात ते बाहेर आले. इतर रोमन वस्त्यांवर खिळे असे एका जागी नाहीत, शेतभर विखुरलेले आहेत. त्यात अलीकडे एका नव्या कचऱ्याची भर पडली आहे. बागांमधला पालापाचोळा आणि घरगुती ओला कचरा यांचे खत करून ते शेतांत टाकले जाते. नीट निवडले गेले नसेल तर त्यासोबत अ‍ॅल्युमिनियमच्या डब्यांचा आणि वेष्टनांचा चुराही शेतात जातो. शेकडो वर्षे नांगरलेले चांगले शेत अशा एका हंगामात डिटेक्टरच्या दृष्टीने नापीक होते.

नाणे आणि खिळा एकाच थरात का सापडतात, याचे उत्तर गांडुळांकडे आहे. जड वस्तू आपोआप खोल जाते असा समज असतो, पण घट्ट मातीत नाणे स्वतःच्या वजनाने फारसे बुडत नाही. वरून पाने, धूळ आणि गांडुळांची विष्ठा साचत जाते आणि वस्तू खाली राहते. चार्ल्स डार्विनने १८४२ साली आपल्या घराजवळच्या कुरणात खडूचा चुरा पसरला आणि २९ वर्षांनी तिथे चर खणून पाहिला. खडूचा थर सात इंच, म्हणजे सुमारे १८ सेंटिमीटर खाली गेलेला होता. गांडुळांवरचे त्याचे पुस्तक १८८१ साली निघाले. गांडुळाला चांदी आणि लोखंड यांत भेद कळत नाही. एकाच काळात पडलेले सारे काही सारख्याच चालीने खाली जाते. नाणे आणि खिळे शेजारी-शेजारी पडलेले असणे हा म्हणूनच नियम आहे, अपवाद नव्हे.

योगायोग असा, की मेटल डिटेक्टरची कहाणीही त्याच १८८१ साली सुरू होते, आणि तीही लोखंडाने घातलेल्या घोळानेच. त्या वर्षी २ जुलैला अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जेम्स गारफील्ड यांच्यावर गोळी झाडली गेली. गोळी शरीरात कुठे अडकली आहे ते डॉक्टरांना समजेना. क्ष-किरणांचा शोध अजून १४ वर्षे दूर होता. टेलिफोनचा जनक अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल याने वेटोळ्यांच्या जोडीवर चालणारे एक उपकरण घाईघाईने तयार केले. प्रयोगशाळेत ते नीट चालले, पण राष्ट्राध्यक्षांच्या अंगावरून फिरवताना त्यात भलतेच आवाज येत राहिले. गादीत पोलादी स्प्रिंगा होत्या. शिवाय मुख्य डॉक्टरने शरीराची उजवी बाजूच तपासू दिली आणि शवविच्छेदनात गोळी डावीकडे निघाली. १९ सप्टेंबरला गारफील्ड वारले. आसपासच्या लोखंडाने खरी वस्तू झाकून टाकावी, याचे हे पहिले गाजलेले उदाहरण.

पुढे गेरहार्ड फिशर या जर्मनीतून आलेल्या अभियंत्याने १९३० च्या दशकात अमेरिकेत खासगी वापराची डिटेक्टर यंत्रे विकायला काढली. दुसऱ्या महायुद्धात युझेफ कोसात्स्की या पोलिश सैन्याधिकाऱ्याने सुरुंग शोधणारे हलके यंत्र तयार केले आणि १९४२ मध्ये एल अलामीनच्या रणांगणावर ते वापरले गेले. युद्ध संपल्यावर शिल्लक लष्करी यंत्रे स्वस्तात बाजारात आली आणि त्यांतून हा छंद सामान्य माणसाच्या हाती पोहोचला.

आजच्या यंत्राचे तत्त्व बेलच्या उपकरणापेक्षा फार वेगळे नाही. दांड्याच्या टोकाला असलेल्या चकतीत, म्हणजे कॉइलमध्ये, तांब्याच्या तारेची दोन वेटोळी असतात. एकातून सेकंदाला काही हजार वेळा दिशा बदलणारा विद्युतप्रवाह जातो आणि जमिनीत बदलते चुंबकीय क्षेत्र तयार होते. या क्षेत्रात धातू आला की त्याच्या अंगात भोवऱ्यांसारखे छोटे प्रवाह फिरू लागतात. या प्रवाहांचे स्वतःचे क्षीण चुंबकीय क्षेत्र असते आणि दुसरे वेटोळे ते पकडते. मूळ लहर आणि परत आलेली लहर एका वेळी चालत नाहीत. चांदी किंवा तांब्याच्या जाड नाण्यात प्रवाह सहज वाहतो आणि विरायला वेळ घेतो, त्यामुळे त्याचे उत्तर बरेच मागे पडते. चंदेरी वेष्टनाच्या पातळ तुकड्याचे उत्तर थोडेच मागे राहते. लोखंडाची गोष्ट वेगळी. ते क्षेत्रात येताच स्वतःच चुंबकासारखे वागू लागते आणि उलट खूण देते. मागे पडण्याच्या या प्रमाणावरून यंत्र पडद्यावर एक आकडा दाखवते आणि त्यानुसार आवाज काढते. लोखंडाला घोगरा, चांगल्या वाहकाला उंच आणि गोड.

आकड्यावर भिस्त ठेवून खणणारा माणूस इथेच फसतो. यंत्र धातू ओळखत नाही. वस्तूचा आकार, जाडी आणि वाहकता यांचा एकत्र परिणाम तेवढा मोजते. तीन निरनिराळ्या वस्तू एकच आकडा देऊ शकतात. अमेरिकेत याचा सर्वांत कुप्रसिद्ध नमुना म्हणजे शीतपेयाच्या आणि बिअरच्या डब्याची ओढून काढायची कडी. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला ती आली. गिऱ्हाईक डबा उघडायचे, कडी उपटायचे आणि तिथेच टाकायचे. १९७० च्या दशकात डब्यालाच चिकटून राहणारी कडी निघाली आणि ही सवय हळूहळू गेली, पण मधल्या दीड दशकात देशभरची उद्याने, समुद्रकिनारे आणि जत्रेची मैदाने या कड्यांनी भरून गेली. तांबे ७५ टक्के आणि निकेल २५ टक्के असलेले पाच सेंटांचे अमेरिकन नाणे, सोन्याची अंगठी आणि ही अ‍ॅल्युमिनियमची कडी यांचे आकडे एकमेकांच्या शेजारी, कधी एकमेकांवरच पडतात. कडीची शेपटी सरळ आहे, वळली आहे की तुटली आहे, यावरूनही आकडा बदलतो. कड्यांचा पट्टा आवाजातून वगळला की सोन्याच्या अंगठ्याही वगळल्या जातात, हे छंदातल्या जुन्या लोकांना पुरते ठाऊक असते. तरी कंटाळा येतो आणि पट्टा वगळला जातो.

चांदीच्या बाबतीत अमेरिकन मैदानांवर थोडी सोय आहे. १९६४ पर्यंतच्या दहा आणि पंचवीस सेंटांच्या नाण्यांत ९० टक्के चांदी असे. त्यांचे आकडे उंच येतात आणि त्या उंचीवर कचरा तुलनेने कमी असतो. ब्रिटनमध्ये ही सोय नाही. हातोड्याने पाडलेली मध्ययुगीन चांदीची पेनी जेमतेम दीड ग्रॅमची, कागदासारखी पातळ. सुटे पैसे हवेत म्हणून तिचे अर्धे आणि चतकोर तुकडे करत. तो चतकोर तुकडा चांदीचा असूनही वेष्टनाच्या कपट्याएवढाच आकडा देतो.

लोखंडही नेहमी लोखंडासारखे बोलत नाही. सरळ खिळा सहसा प्रामाणिक असतो. वाकलेला खिळा, साखळीची कडी, वायसर आणि सपाट पत्रा यांच्यात प्रवाहांना गोल फिरायला वाट मिळते, आणि मग तेही उंच सूर काढतात. बाटलीचे पत्र्याचे झाकण यात अव्वल: गोल, चपटे, नाण्याएवढे. अशा झाकणासाठी एक हातखंडा युक्ती आहे. संकेताच्या जागेवरून कॉइल हळूहळू मागे ओढायची, म्हणजे शेवटी फक्त तिची पुढची कड झाकणावरून जाते. नाण्याचा आवाज विरत जाऊन थांबतो. झाकणाचा मात्र शेवटी घोगरा होतो.

यापेक्षा मोठा प्रश्न झाकोळण्याचा आहे. कॉइलखाली नाणे आणि खिळा एकाच वेळी आले, तर यंत्राकडे दोन उत्तरे स्वतंत्रपणे येत नाहीत, त्यांचे मिश्रण येते. खिळा मोठा किंवा वरच्या थरात असेल तर मिश्रणात लोखंडाचे पारडे जड होते. वापरणाऱ्याने लोखंड वगळण्याची कळ दाबलेली असेल, तर यंत्र गप्प राहते. आणि ही शांतता रिकाम्या जमिनीच्या शांततेपेक्षा वेगळी ऐकू येत नाही. लोखंड वगळण्याची सोय १९७० च्या दशकात जसजशी सुधारली, तसतशी ती वरदान म्हणून विकली गेली. तिच्यामुळे हजारो लोकांचे श्रम वाचले, हे खरेच. पण त्याच सोयीमुळे हजारो नाणी जमिनीत राहून गेली. अमेरिकेतले उद्यान असो की ब्रिटनमधले रोमन शेत, गेल्या पन्नास वर्षांत तिथून अनेक जण यंत्र फिरवून गेलेले असतात. मोकळ्या मातीतली नाणी त्यांनी केव्हाच उचलली. उरली ती खिळ्यांच्या आडोशाला असलेली. ‘इथे आता काही उरले नाही’ असे ज्या जागेबद्दल म्हणतात, तिथली उरलेली नाणी कचऱ्यानेच राखलेली असतात.

म्हणूनच अशा जमिनीत यंत्र किती खोल पाहते याला फारसे महत्त्व नाही. दोन शेजारच्या वस्तू ते किती वेगळ्या करू शकते, यावर सगळे ठरते. त्यासाठी पहिला उपाय म्हणजे लहान कॉइल. अकरा इंची कॉइलखाली एका वेळी पाच खिळे येत असतील, तर पाच-सहा इंचीखाली एखादाच येतो. खोली कमी होते, पण खिळ्यांच्या थरात खोल पाहण्याचा उपयोगही नसतो. कॉइलची घडणही महत्त्वाची. इंग्रजी ‘डी’ अक्षराच्या आकाराची दोन वेटोळी एकमेकांवर थोडी चढवलेल्या कॉइलमध्ये पाहण्याचा पट्टा मधोमध अरुंद, सुरीच्या पात्यासारखा असतो. एकात एक गोल वेटोळी असलेल्या कॉइलचे क्षेत्र शंकूसारखे खाली निमुळते होत जाते. पहिली क्षारयुक्त आणि खनिजयुक्त जमिनीत सरस. दुसरी पत्रा आणि झाकणे ओळखण्यात बरी, असा अनेकांचा अनुभव आहे.

दुसरी बाब यंत्राच्या चपळाईची. एका वस्तूचे उत्तर देऊन झाल्यावर पुढचीसाठी मोकळे व्हायला यंत्राला क्षणभर लागतो. तो क्षण मोठा असेल तर खिळ्याचा घोगरा आवाज संपेपर्यंत कॉइल नाण्यावरून पुढे निघून गेलेली असते. फ्रान्सच्या एक्सपी कंपनीच्या डिअस या यंत्राने नाव कमावले ते याच चपळाईवर. ऑस्ट्रेलियाच्या माइनलॅब कंपनीने १९९१ मध्ये सॉव्हरिन या यंत्रात एकाच वेळी अनेक वारंवारिता वापरायला सुरुवात केली, आणि २०१८ च्या इक्विनॉक्सने हे तंत्र मध्यम किमतीत आणले. जास्त वारंवारितेला लहान आणि पातळ वस्तू चांगल्या दिसतात, कमी वारंवारितेला चांदी-तांब्याच्या जाड वस्तू. दोन्हींची उत्तरे ताडून पाहिली की लोखंडाची सोंगे लवकर उघडी पडतात. चपळाई वाढवली की खोली घटते, हा सौदा मात्र कुठल्याच यंत्राला चुकलेला नाही.

यंत्राची परीक्षा घेण्याची एक साधी रीत छंदात रूढ आहे. फळीवर चार लोखंडी खिळे आणि त्यांच्या मधोमध एक तांब्याचे नाणे ठेवायचे, आणि वेगवेगळ्या दिशांनी कॉइल फिरवून किती वेळा नाणे बोलते ते मोजायचे. भारी किमतीची यंत्रे या फळीवर लंगडी पडतात आणि जुने, दोन बटणांचे यंत्र बाजी मारून जाते, असे पुष्कळदा घडते.

यंत्राची संवेदनशीलता कमी करणे नवख्याला पटत नाही. पैसे मोजून घेतलेली ताकद कमी का करायची? पण ताकद वाढवली की आजूबाजूचे आणि खालचे आणखी खिळे बोलू लागतात आणि गोंधळात भर पडते. तसेच लोखंड पूर्णपणे वगळण्यापेक्षा ते हलक्या, घोगऱ्या आवाजात ऐकू येऊ द्यावे, असे अनुभवी लोक सांगतात. कान त्या घरघरीला सरावतो आणि तिच्यात मध्येच येणारी उंच टिचकी ओळखू लागतो. त्यासाठी हेडफोन लागतो. उघड्यावरच्या वाऱ्यात तो आवाज टिकत नाही.

प्रत्यक्षात हे असे घडते. तळघराच्या खड्ड्यापासून चार पावलांवर, जुन्या दाराच्या समोर, कॉइल जमिनीला लागूनच पण अगदी सावकाश सरकत असते. कानात सलग घरघर. एके ठिकाणी डावीकडून उजवीकडे जाताना अर्धवट उंच सूर येतो, परत येताना येत नाही. एकाच दिशेने येणारा सूर बहुधा खिळ्याच्या टोकाचा असतो. घाईतला माणूस इथून पुढे जातो. सराईत माणूस जागेभोवती पाव वर्तुळ फिरतो आणि काटकोनातून पुन्हा पाहतो. लांबट खिळा दिशा बदलली की सूर बदलतो किंवा जागा बदलतो. नाणे गोल असल्यामुळे कुठूनही सारखेच. काटकोनातून सूर दोन्ही बाजूंनी आला, आणि तोही त्याच बिंदूवर, तर तिथे खणण्याजोगे काहीतरी आहे. मग कॉइलचे झोके इंच-दोन इंचांवर आणून फक्त तेवढाच तुकडा ऐकायचा. हिरवळीवर असेल तर तीन बाजूंनी कापून मातीचे ढेकूळ गवतासह उलटायचे, चौथी बाजू बिजागरीसारखी जोडलेली ठेवायची. हातात धरायच्या लहान डिटेक्टरने, म्हणजे पिनपॉइंटरने, भोक चाचपायचे. आधी खिळा निघतो. तो काढून पुन्हा कॉइल फिरवली की मघाचा अर्धवट सूर भरदार होतो. खिळा हाच तिथला पडदा होता.

यातूनच सर्वांत खात्रीचा आणि सर्वांत कंटाळवाणा उपाय निघतो: लोखंड काढून टाकणे. ठरावीक चौरस आखून त्यातला लहानमोठा प्रत्येक संकेत खणायचा, भंगार पिशवीत भरायचे आणि मग तीच जागा पुन्हा ऐकायची. पहिल्या फेरीत एकही नाणे न दिलेली जागा दुसऱ्या फेरीत देते. असे करायला फार थोडे तयार होतात. दिवसभर खिळे उपसून पिशवीभर गंज घरी नेण्यात मजा ती काय! पण यंत्र बदलण्यापेक्षा यातून जास्त नाणी निघतात. पावसानंतरची ओली माती खणायला सोपी असते आणि संकेतही थोडे स्पष्ट मिळतात.

हाती आलेले नाणे अंगठ्याने चोळून वर्ष वाचण्याचा मोह सर्वांना होतो. मातीतल्या वाळूचे कण नाण्याच्या पृष्ठावर ओरखडे पाडतात आणि दोनशे वर्षे टिकलेले अक्षर दोन सेकंदांत जाते. चांदी मातीत बरी राहते, सोन्याला काही होत नाही, तांब्याला हिरवा थर चढतो. खतांच्या माऱ्याखाली असलेल्या शेतात गंज नाण्याला आतपर्यंत खातो. १९८२ पासूनचा अमेरिकन सेंट मूळचा जस्ताचा, वर तांब्याचा मुलामा. काही वर्षांतच त्याला भोके पडतात. खणलेला खड्डा बुजवणे आणि कचरा बरोबर नेणे हा या छंदाचा शिष्टाचार आहे, आणि जमीनमालकाची परवानगी ही त्याची पहिली अट.

पुरातत्त्वशास्त्रज्ञाला मात्र हा ‘कचरा’ शब्दच मान्य नसतो. नाणे घर कधी वसले ते सांगेल. घर कुठे उभे होते, दार कोणत्या बाजूला होते, ते जळाले की कुजले, हे खिळ्यांच्या जागांवरून कळते. नाणे निवडून घेऊन बाकीचे उधळून दिले की हा पुरावा गेला. म्हणून पुरातत्त्वज्ञ आणि डिटेक्टरवाले या दोन जमातींत बराच काळ हाडवैर होते. ते निवळायला काही मोठे शोध कारणीभूत ठरले. अमेरिकेत मोंटाना राज्यात लिटल बिगहॉर्न इथे जून १८७६ मध्ये जनरल कस्टरची घोडदळाची तुकडी लाकोटा आणि शायेन योद्ध्यांनी कापून काढली. १९८३ च्या वणव्यात तिथले गवत जळाले आणि पुढच्या दोन वर्षांत पुरातत्त्वज्ञांनी डिटेक्टरवाल्या स्वयंसेवकांना हाताशी धरून रणांगण पिंजून काढले. स्वयंसेवक रांगेने चालत, प्रत्येक संकेतावर झेंडी लावत. खणणारे मागून येत. मोजणी करणारे प्रत्येक वस्तूची जागा नकाशावर नोंदत. लोखंड वगळले नव्हते. काडतुसांच्या रिकाम्या नळ्यांवर बंदुकीच्या पिनेचे ठसे सूक्ष्मदर्शकाखाली जुळवून एकेक बंदूक रणांगणावर कुठून कुठे सरकली, हेही दाखवता आले. योद्ध्यांकडे हेन्री आणि विंचेस्टर बनावटीच्या, एकामागून एक गोळ्या सोडणाऱ्या रायफली किती मोठ्या संख्येने होत्या, ते त्यातून पुढे आले. जर्मनीतल्या काल्क्रीझ इथे १९८७ मध्ये टोनी क्लन या ब्रिटिश सैन्याधिकाऱ्याला डिटेक्टरने रोमन चांदीची नाणी आणि नंतर गोफणीचे शिशाचे गोळे सापडले. त्याने ते तज्ज्ञांना दाखवले, आणि इसवी सन ९ मध्ये तीन रोमन सैन्यदले जिथे नष्ट झाली त्या लढाईच्या जागेचा माग तिथे लागला.

१९९२ साली इंग्लंडमध्ये सफक परगण्यातल्या हॉक्सन गावी शेतात हरवलेला हातोडा शोधताना एका डिटेक्टरवाल्याला रोमन खजिना लागला. थोडेसे काढून तो थांबला आणि त्याने अधिकाऱ्यांना कळवले. त्यामुळे सुमारे पंधरा हजार नाणी, दागिने आणि चमचे कोणत्या क्रमाने ठेवले होते, कोणत्या पेटीत होते, हे तज्ज्ञांना नोंदता आले. हातोडाही मिळाला, तोही ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. या घटनेनंतर इंग्लंडने आपला कायदा बदलला. १९९६ च्या ट्रेझर अ‍ॅक्टनुसार तीनशे वर्षांहून जुन्या सोन्या-चांदीच्या वस्तू, किंवा एकाच जागी मौल्यवान धातूंची दोन वा अधिक नाणी सापडली, तर चौदा दिवसांत कळवावे लागते. संग्रहालयाने वस्तू घेतली तर मोबदला शोधणारा आणि जमीनमालक यांच्यात वाटला जातो. सुट्या वस्तूंची ऐच्छिक नोंद करणारी योजना १९९७ पासून चालू आहे आणि तिच्यात पंधरा लाखांहून अधिक वस्तू नोंदल्या गेल्या आहेत. फ्रान्सने १९८९ मध्ये उलट वाट धरली: ऐतिहासिक वस्तू शोधण्यासाठी डिटेक्टर वापरायला सरकारी परवाना हवाच. तिथल्या पहिल्या महायुद्धाच्या रणभूमीवर गंजके लोखंड न फुटलेला तोफगोळाही असू शकते. अमेरिकेत राष्ट्रीय उद्यानांत डिटेक्टर बाळगणेही गुन्हा आहे.

भारतात हा छंद रुजलेला नाही, पण शेतात नांगराला शिवराई लागणे किंवा पाया खणताना मडके निघणे महाराष्ट्राला नवे नाही. असा ठेवा एकत्र राहिला तर काय सांगू शकतो, हे नाशिकजवळच्या जोगलटेंभीने दाखवले. तिथे १९०६ मध्ये क्षहरात क्षत्रप नहपान याच्या तेरा हजारांहून अधिक चांदीच्या नाण्यांचा साठा मिळाला. त्यांतल्या सुमारे दोन-तृतीयांश नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारलेला होता. सातवाहनांनी क्षहरात क्षत्रपांचे राज्य जिंकले, याचा एवढा ठोस पुरावा सुट्या दोन-चार नाण्यांतून मिळाला नसता.

अशा ठेव्याला १८७८ चा इंडियन ट्रेझर ट्रोव्ह अ‍ॅक्ट आजही लागू आहे. जमिनीत दडलेली, दहा रुपयांहून अधिक किमतीची कोणतीही वस्तू सापडली तर शोधणाऱ्याने तिचे स्वरूप, किंमत, जागा आणि तारीख लेखी कळवून ती सरकारी तिजोरीत जमा करायची किंवा जामीन द्यायचा. कळवायचे ते जिल्हाधिकाऱ्याला. मग जाहीर सूचना निघते आणि दावेदारांसाठी चार ते सहा महिन्यांच्या आतली तारीख ठरते. ठेवा बेवारस ठरला आणि जागेच्या मालकानेही हक्क सांगितला, तर वेगळा करार नसल्यास तीन-चतुर्थांश शोधणाऱ्याचे आणि एक-चतुर्थांश मालकाचे. सरकारला ठेवा स्वतःकडे घ्यायचा असेल तर किमतीच्या वर एक-पंचमांश रक्कम द्यावी लागते. माहिती दडवणाऱ्याचा वाटा सरकारजमा होतो आणि एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. शंभर वर्षांहून जुने नाणे १९७२ च्या कायद्याप्रमाणे पुरावस्तू ठरते आणि खासगी व्यक्तीला ते देशाबाहेर नेता येत नाही. संरक्षित किल्ले, लेणी आणि टेकाडे यांच्या हद्दीत परवान्याशिवाय खुरपे चालवण्यासही मनाई आहे, मग निघाला तो फक्त खिळा का असेना.